बर्फाच्या हॉलमधली शेवटची फेरी

नवतपा, म्हणजे मे अखेरचे आगीचे नऊ दिवस, लागला की आमच्या तेल्हाऱ्याकडे दुपारच्या वेळी रस्त्यावर माणूस दिसत नाही. अशा नवतप्यात मी लागोपाठ दोन दिवस बर्फात बसून आलो, हे गावात कोणाला सांगितलं तर तो माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहतो. म्हणून सांगणं सोडलं, लिहून ठेवतो. मी चौथीपर्यंत शिकलो आणि तिथून सरळ कापसाच्या जिनिंगात कामाला लागलो. पण अक्षर माझं वळणदार आहे, आणि जे पाहिलं ते मला नीट आठवतं. आयकलेलं तर त्याहून नीट आठवतं.

माझी नात ही माझ्या धाकट्या मुलाची मुलगी. मुलगा अकोल्याला राहतो, त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगी बारावी करून अमरावतीला शिकायला गेली. आम्हाला वाटलं, नर्सिंग घेईल, नाहीतर डी.एड. करेल. तिनं पर्यटनाचा कोर्स घेतला आणि त्यातही विषय निवडला तो बर्फाचा. थंड मुलखात डोंगरावर बर्फ पडतो, तिथं लोक पायाला लांब फळ्या बांधून घसरायला येतात. त्या जागेचा कारभार कसा चालवायचा, लोकांना वर नेणारा पट्टा कसा चालू ठेवायचा, कोणी पडलं तर काय करायचं, जागा बंद करताना सगळे उतरले का हे कसं पाहायचं, याचं ते शिक्षण. तेही वऱ्हाडात बसून.

आमच्या आळीत लोक हसून हसून बेजार झाले. शेजारचा म्हातारा माझ्याच वयाचा आहे. तो मला म्हणाला, "काय गा, नात बर्फाचा गोला इकनार म्हंते?"

मी म्हटलं, "हो. तुले पहिला गोला फुकट देनार हाये. पन तुह्या तोंडात दात हायेत का?"

मुलाला मात्र हसू येत नव्हतं. शेवटची परीक्षा हातानं करून दाखवायची होती. तीत पोरगी पास झाली तर कॉलेज तिला पुऱ्या हिवाळ्यासाठी उत्तरेकडच्या खऱ्या डोंगरावर कामाला पाठवणार होतं. नापास झाली तर अकोल्याला परत येऊन दुकानात बसायचं, असं बापलेकीत ठरलं होतं. पण पास झाली तरी बाप तिला पाठवायला राजी नव्हता.

"बाबा, हिवाळाभर पोरगी तिकडे राहीन. एकटी. ना आपलं मानूस, ना आपली भाषा. तुमीच समजावून सांगा तिले," तो मला म्हणाला.

पोरगी फोनवर म्हणाली, "आबा, तुमी पहिले येऊन पाहा. मंग नाई म्हना."

आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो. मालकीण, म्हणजे पोरीची आजी, होती तेव्हाही माझाच होता, असं मी म्हणतो. मी मुलाला सांगितलं, डोळ्यानं पाहिल्याशिवाय मी हो म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. परीक्षेच्या दिवशी घरच्या लोकांना बोलावलंच होतं. आम्ही बापलेक सकाळच्या गाडीनं अकोल्याहून निघालो.

मशीननं बर्फ पाडून आत उतार केलेला तो शिकायचा हॉल अमरावती सोडल्यावर तिवशाच्या रस्त्याला आहे. पहिले तिथं संत्र्याचा बगीचा होता. त्यातली वाळून कोळ झालेली झाडं अजून कंपाउंडच्या कडेला उभी होती. मधोमध पांढऱ्या पत्र्याची एवढी मोठी इमारत, आणि तिला एक खिडकी नाही. उन्हात ती अशी उभी होती की तिच्याकडे पाहिलं की डोळे मिटत. लोकांसाठी अजून उघडली नव्हती. कॉलेजनं पोरापोरींच्या शिक्षणासाठी मालकाशी बोलून ती घेतली होती.

नात दारात उभी होती. अंगात जाड जॅकेट, गळ्यात शिट्टी, हातात वॉकी-टॉकी. मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. तिनं आम्हा दोघांना जॅकेटं दिली, गमबुटासारखे बूट दिले. शेहेचाळीस डिग्रीच्या उन्हात मुलगा जॅकेटाची चेन लावत होता आणि त्याच्या हनुवटीवरून घाम टपकत होता.

आत जायला दोन दारं आहेत. पहिल्यातून गेलं की ते मागं बंद होतं, मग दुसरं उघडतं. मधल्या खोलीत उभे असताना आमच्या अंगावरचं ऊन वाफ होऊन निघालं. माझ्या बाह्यांतून धूर निघत होता. दुसरं दार उघडलं तसा तो धूर आमच्या आधी आत गेला.

मला वाटलं, मी जिनिंगात आलो. सरकी काढल्यावर रुई उडून जिथं साचते त्या खोलीत मी उमर काढली. तिथंही असंच पांढरं असतं आणि तिथंही आवाज मरतो. चार हातांवरचा माणूस बोलला तर ओठ हलताना दिसतात, बोलणं पोचत नाही. पण रुईच्या खोलीला वास असतो. मशीनच्या तेलाचा, विडीचा, माणसांचा. इथं कसलाच वास नव्हता. मी दोनदा नाक ओढून पाहिलं. काही नाही. वास नसलेली जागा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि ती मला पटली नाही.

जमीन दारापासून वर चढत गेलेली. एका कडेला लोकांना वर नेणारा रबरी पट्टा, दुसऱ्या कडेला जाळी. छताला मोठमोठे पंखे थंडी फेकत होते. अगदी मागं, उंचावर, भिंतीवर डोंगर रंगवले होते, आणि त्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात बर्फाचे ढिगारे होते. उजेड निळसर. त्या उजेडात माझ्या मुलाचं तोंड आजाऱ्यासारखं दिसत होतं. माझंही तसंच दिसत असेल.

"पट्ट्यावर चालू नका आबा. नुसते उभे राहा, तो नेते," नात म्हणाली.

सरकत्या गोष्टीवर माणसानं उभं कशाला राहायचं? मी चाललो आणि गुडघ्यावर आलो. तिनं लाल बटन दाबलं, पट्टा तिथंच थांबला, आणि तिनं मला बखोटीला धरून उठवलं.

"सांगतलं तेवढंच करत जा," ती म्हणाली.

माझ्याशी या सुरात बोलायची हिंमत तिच्या बापानं कधी केली नाही. बाप खाली उभा राहून पाहत होता. मी नुसता उभा राहिलो.

वर गेल्यावर तिनं मला सगळं दाखवलं. कुठं झेंडे लावतात, जाळीची गाठ रोज कशी ओढून पाहतात, बर्फात माणूस दबला तर चाचपायची लांब काठी कशी जोडतात. तिच्यासोबत शिकणारी आणखी एक पोरगी तिथं होती. मी डाव्या कोपऱ्याकडे निघालो, तर नात म्हणाली, "तिकडे नका जाऊ."

"काहून? काय हाये तिकडे?"

"काई नाई. मशीन तिकडेच बर्फ पाडते."

"मंग पाहू दे की."

ती कोपऱ्याकडे पाहत नव्हती. दुसरी पोरगी म्हणाली, "तिकडे आवाज फिरते आबा. पंख्याईमुळे फिरते, आमची शिकवनारी मॅडम म्हनते."

"कोनाचा आवाज?"

"आपलाच," ती म्हणाली, आणि दोघी जाळीच्या गाठी ओढून पाहायला लागल्या.

परीक्षा घ्यायला पहाडातून एक साहेब आले होते. वाळलेला माणूस, तोंड उन्हानं नाही तर बर्फानं भाजून काळं पडलेलं, डोळ्यांभोवती चष्म्याचे पांढरे गोल. फार बोलत नव्हते. घरचे आलेले आम्ही सगळे म्हणजे गिऱ्हाईक, असं समजायचं होतं. पोरांनी आम्हाला वर न्यायचं, घसरू द्यायचं, पडलेल्याला उठवायचं. आणि दुपारी जागा बंद होते असं धरून, एकानं शेवटची फेरी मारायची. वरपासून खालपर्यंत सगळी जागा पाहायची, कोणी मागं राहिलं नाही ना हे तपासायचं, दारापाशी येऊन 'हॉल रिकामा' असं साहेबांना सांगायचं. शेवटच्या फेरीची पाळी माझ्या नातीची होती. पास-नापास त्या फेरीवर होतं.

साहेबांनी मला बाजूला बोलावलं. तिच्या नकळत कोणाला तरी आत लपवायचं होतं. "बाबा, आप बैठेंगे?"

मी म्हटलं, "बैठेंगे."

"खुद से बाहर नहीं आना। कोई आवाज़ दे तो जवाब देना। बस।"

त्यांनी मला नेऊन बसवलं ते नेमकं डाव्या कोपऱ्यात, ढिगाऱ्याच्या मागं. पाठीशी रंगवलेली भिंत, पुढं बर्फ. बसायला एक प्लास्टिकचं पोतं दिलं आणि ते गेले. थोड्या वेळानं खालून शिट्टी वाजली. पट्टा थांबला. लोकांचे आवाज दारातून बाहेर गेले. अर्धे दिवे विझले, आणि मग पंखेही बंद झाले.

पंखे चालू होते तोवर मला ते आयकू येत नव्हते. बंद झाले तेव्हा कळलं किती आवाज होता. आता माझ्या श्वासाचा आवाज मला दुसऱ्या कोणाचा वाटत होता. तोंडातून निघालेली वाफ समोर जात नव्हती, तिथंच थांबत होती.

मग हाक आली. "आबा."

नातीचा आवाज. चुकायचं कारण नाही, पाळण्यात होती तेव्हापासून तो मी आयकतो आहे. पण तो समोरून आला नाही. पाठीमागून आला, अगदी जवळून. आणि पाठीमागं भिंत होती.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या बापानं धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले. भूतबाधा, अंगात येणं, उतारे, सगळं त्या टोपल्यासोबत गेलं, असं तो सांगत होता, आणि गेलंच. मी कोणत्या भुताला मानत नाही. पण मायनं एक नेम घरात ठेवला आणि बापानंही त्याला हात लावला नाही. सुन्या जागेत कोणी हाक मारली आणि मारणारा दिसला नाही, तर पहिल्या हाकेला ओ द्यायचा नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. ज्या माणसाला खरंच काम आहे तो तिसऱ्यांदा हाक मारतोच. तेव्हा ओ द्यायचा. यात घाबरण्यासारखं काही नाही, जसं जेवायच्या आधी हात धुवायचे तसं हे. मी जन्मभर पाळलं. जिनिंगात मुकादम माझ्या नावानं बोंबलायचा आणि मी तिसऱ्या हाकेलाच वळायचो. तो शिव्या द्यायचा, मी वळायचो तिसऱ्यालाच.

म्हणून मी गप्प बसलो.

"आबा." दुसरी हाक. या वेळी आवाज थोडा लाडात आलेला. लहानपणी ती गोळीसाठी माझ्या खिशात हात घालायची तेव्हा असं म्हणायची. आता वीस वर्षांची झाली, आता ती असं म्हणत नाही.

मी तिसरीची वाट पाहिली. ती आली नाही. दूर खाली दार लागल्याचा आवाज झाला आणि उरलेले दिवेही गेले.

अंधार काळा नव्हता. बर्फाचा स्वतःचा काहीतरी उजेड असतो, त्यात आकार दिसत नाहीत, नुसतं पांढरं काहीतरी आहे एवढं दिसतं. साहेब म्हणाले होते, स्वतःहून बाहेर यायचं नाही. मी उठलो नाही. ओरडलोही नाही. मी काही ओरडणारा माणूस नाही. पायाची बोटं आधी दुखली आणि मग दुखायची थांबली. ढिगाऱ्याच्या पलीकडे बर्फ दबल्याचा आवाज झाला, करकर, जसा पायाखाली होतो. एक पाऊल. मग पुष्कळ वेळ काही नाही. मग आणखी एक, जरा जवळ. तिसरं पाऊल पडलं नाही.

दिवे लागले. नात खालून धावत येत होती, बूट घसरत होते. "आबा," ती ओरडली. मी तिला पाहू शकत होतो, पण ढिगाऱ्यामुळे तिचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून मी थांबलो. "आबा." ती आता पाच हातांवर होती. "अवं आबा, कुठं हाये तुमी?" ही तिसरी.

"ओ," मी म्हटलं.

तिनं मला उठवलं.

बाहेर काढून मला उन्हात बसवलं. उन्हाचा चटका बसला आणि अंगावर काटा आला. साहेब समोर उभे होते, मुलगा माझे पाय चोळत होता. फेरी मारून नातीनं दारापाशी येऊन हॉल रिकामा असं सांगून टाकलं होतं. मग परत आलेली जॅकेटं खुंट्यांवर लावताना तिला एक खुंटी रिकामी दिसली. माझी. बाकीच्या पोरांनी तिला डोळ्यानं खुणावलं होतं, गुपचूप जा अन् घेऊन ये. ती सरळ साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "सर, एक आदमी अंदर रह गया. मेरी गलती है. दरवाजा खोलिए."

साहेबांनी मला विचारलं, "आपने जवाब क्यों नहीं दिया?"

"तीसरी आवाज आती तो देते," मी म्हटलं. "दोन आवाज पे हम बोलते नाही."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. नातीकडे वळून म्हणाले, "पहाड़ में भी आदमी जवाब नहीं देता। कोई बेहोश होता है, कोई बच्चा डर के छुप जाता है, कोई इनके जैसा होता है। इसलिए आवाज़ पर नहीं जाना। जगह देखनी है, एक-एक कोना, अपनी आँख से। वहाँ तुम इनको छोड़ आती तो सुबह हम इनको चादर में लाते।"

नापास. ती मान खाली घालून "जी सर" म्हणाली. माझ्याकडे बोट दाखवलं नाही. आबांनी ओ द्यायला पाहिजे होता, असं एका शब्दानं म्हणाली नाही.

मुलाच्या तोंडावरचा ताण उतरला. "झालं. चाला घरी. दुकान हाये, आपलं गाव हाये," तो म्हणाला.

मी नातीला पत्र्याच्या सावलीत घेऊन गेलो. म्हटलं, "बाई, दोनदाच काहून हाक मारली? एक अजून मारली असती तं मी ओ देल्ला असता. अन् ते लाडात कायले आलती परीक्षेत?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच प्रश्न नकोसा झाला.

"आबा, मी तुमाले हाक मारलीच नाई," ती हळू म्हणाली. "तुमी आत हाये हेच मले कुठं माईत होतं? मी मधात उभी राहून कोनी आहे का, कोनी आहे का, असं म्हनलं. तेवढंच. वर कोपऱ्यापर्यंत मी गेलीच नाई."

"ते म्हननं तं मले वर आयकूच नाई आलं. अन् कोपऱ्यापर्यंत काहून नाई गेली?"

ती गळ्यातली शिट्टी बोटात फिरवायला लागली.

"तुले बी मारते का कोनी हाक तिथं?"

"मॅडम म्हनते पंख्याईचा आवाज हाये."

"पंखे बंद होते."

"मले माईत हाये," ती म्हणाली.

नेमाप्रमाणे एकदा परत परीक्षा द्यायची मुभा होती, साहेब जायच्या आधी, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारीच. मुलगा म्हणाला, नको. मी म्हटलं, ती देईल. आणि आत लपायला मीच बसेन, त्याच जागी.

"बाबा, आज तुमचे पाय निळे पडलते. उद्या काई झालं तं लोक मले इचारतीन," मुलगा म्हणाला.

"लोकाईले माह्याकडे पाठवजो."

"बरं, बसा. पन कायले? ती पास झाली तरी तुमी हो म्हननार हाये का?"

"ते मी उद्या सांगीन," मी म्हटलं. "माह्या नातीच्या आवाजात कोन बोलून राहिलं, ते मले पाह्यचं हाये," हे मात्र मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, "थंड हवा मले मानवली."

रात्री अमरावतीला साडभावाकडे, म्हणजे साडूकडे, राहिलो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला पाहिलं आणि विचारलं, "फिर से? डर तो नहीं लगेगा?" मी म्हटलं, "हम जिनिंग के आदमी हैं." याचा त्यांना काय अर्थ लागला कोण जाणे, पण त्यांनी मला कोपऱ्यात नेऊन बसवलं. आपला मफलर काढून मला दिला. जाताना त्यांनी भिंतीवर रंगवलेल्या डोंगराकडे एकदा पाहिलं आणि पाठ न फिरवता, उलट्या पावलांनी चार पावलं गेले. मला ते दिसलं.

शिट्टी झाली. दिवे अर्धे झाले. पंखे थांबले.

या वेळी मी तोंड भिंतीकडे करून बसलो. भिंतीवर निळे डोंगर, खाली एक झोपडी, झोपडीला दार. रंग ओला असल्यासारखा चमकत होता. मी त्या दारावर नजर ठेवली. दारातून काही निघालं नाही, हे मी खात्रीनं सांगतो. आवाज निघाला.

"आबा."

नातीचाच. पण समोरून, भिंतीतून. मी भिंतीला हात लावला. पत्रा, त्यावर बर्फाचा पातळ थर. हात चिकटला, मी ओढून घेतला.

मागं, खाली, नात वर येत होती. मला तिची पावलं आयकू येत होती, आणि काठीचं टोक बर्फात जाताना. एक ढिगारा, मग दुसरा. ती हाक मारत नव्हती. तोंडातून एक शब्द नाही. प्रत्येक कोना पाहत, काठी टोचत येत होती. जाळी हलली, पट्ट्याखाली काठी खरडली, तसं ती कुठं आहे ते मला कळत गेलं. मग माझा ढिगारा. काठी पोत्याला लागली. ती वळसा घालून आली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. आणि त्याच वेळी भिंतीतून, तिच्या आवाजात, दुसरी हाक आली.

"आबा."

तिनं आयकलं. खांद्यावरची बोटं जॅकेटातून रुतली. ती भिंतीकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे. ती माझी नात होती, माझ्या समोर उभी होती, श्वास घेत होती. तिच्या नाकातून वाफ निघत होती. भिंतीपाशी वाफ नव्हती.

मला वाटलं, संपलं. दोन झाल्या, आता नाही येणार. काल नव्हती आली.

"आबा, या ना," आवाज म्हणाला.

तिसरी.

आता जो हे वाचेल त्याला वाटेल, म्हाताऱ्यानं उठून पळायला पाहिजे होतं. पण तिसऱ्या हाकेला ओ द्यायचा हा नेम आहे. साठ-पासष्ट वर्षं तो माझ्या तोंडात बसला आहे. माझं तोंड मला न विचारता उघडलं. छातीतून श्वास निघाला, तो ओठांपर्यंत आला.

नातीनं माझ्या तोंडावर हात दाबला. जाड हातमोजा, बर्फानं भरलेला, दात दुखेपर्यंत दाबला. ती वाकली होती, तिचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर होते. तिनं मान हलवली. नाही. दुसऱ्या हातानं मला बखोटीला धरून उठवलं, काल पट्ट्यावरून उठवलं होतं तसंच, आणि तोंडावरचा हात न काढता मला उलटं फिरवून चालवलं. आम्ही उतार अर्धा उतरलो तेव्हा तिनं हात काढला. मागं कोणी काही बोललं नाही. मी मागं पाहिलं नाही. तिनं मात्र एकदा थांबून, वळून, तो कोपरा नजरेनं पुरता पाहून घेतला, जसं फेरीत पाहायचं असतं.

दारापाशी साहेब उभे होते. "इतनी देर?"

"एक आदमी मिला सर," ती म्हणाली. "ले आई."

"और कोई?"

तिनं हातमोज्यावरचा बर्फ झाडला.

"जगह मैंने पूरी देखी. हॉल रिकामा है," ती म्हणाली.

साहेबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या ओठांवर चिकटलेल्या बर्फाकडे पाहिलं. "पास," ते म्हणाले, आणि दुसरं दार स्वतःच्या हातानं ओढून लावलं. लागलं की नाही हे दोनदा हलवून पाहिलं.

बाहेर मुलगा उन्हात उभा होता. त्याला पास झाल्याचं कळलं, तसा तो माझ्याकडे वळला. आता सगळं माझ्यावर होतं हे त्यालाही माहीत होतं आणि पोरीलाही. ती चार हातांवर जॅकेटाची चेन काढत होती आणि आमच्याकडे पाहत नव्हती.

"बाबा, काय म्हनता? एवढ्या दूर, त्या बर्फात, एकटीले पाठवायचं?"

"पाठव," मी म्हटलं.

"काल तं तुमीच तिथं मरता मरता वाचले. आज असं काय पाहिलं आत?"

"काई पाहिलं नाई."

"मंग काहून हो म्हनून राहिले?"

"तिनं माह्यं तोंड दाबलं म्हनून."

त्यानं माझ्या कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार होतं. त्याला वाटलं, गारठा डोक्यात गेला. मी त्याला तसंच वाटू दिलं आणि म्हटलं, "कागदावर सही कुठं करायची हाये ते दाखव. पालकाच्या जागी मीच करतो, माह्यं अक्षर तुह्यापेक्षा बरं हाये."